रायफल घडवली कोणी?

फर्माइशीवर बनवलेली शिकारी रायफल एकाच माणसाच्या हातून पूर्ण झाली, असं क्वचितच आढळतं. १९१० ते १९६० या पन्नास वर्षांत अमेरिकेत ज्या देखण्या रायफली तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेकींची मूळ यंत्रणा सरकारी कारखान्यातली किंवा जर्मनीच्या माउझरची असे. नळी एका गावातल्या कारागिराची, दस्ता दुसऱ्याच राज्यातल्या कोणाचा, आणि गिऱ्हाइकाची ऐपत असेल तर नक्षी तिसऱ्याची. नाव मात्र बहुधा एकच दिसतं, आणि तेही नळीवर, कारण पोलादावर शिक्का मारणं सोपं असतं. मग वर्षानुवर्षं सगळं श्रेय नळीवाल्याला जातं. जो दस्ता गालाला लागल्याबरोबर नजर आपोआप नळीच्या टोकावरच्या माशीवर येते, तो करणारा निनावी राहतो. मला हे फार खटकतं. रायफलीतला प्रत्येक भाग ज्याचा त्याच्या नावावर कसा लावायचा, त्याची ही कृती.

आधी हे करा

मॅगझिन रिकामं करा, बोल्ट बाहेर काढा, बॅटरीच्या उजेडात नळीतून आरपार बघा. ही खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. रायफल कितीही चांगल्या स्थितीत दिसली तरी झाडून बघण्याचा मोह टाळा, त्याचं कारण पुढे येईल. भारतात असाल तर रायफल परवान्यावरची हवी आणि ती परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच खोलून घ्यावी. नंबर किंवा ओळखीच्या खुणा घासणं, बदलणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

साहित्य थोडंच लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, बॅटरी, व्हर्नियर, पातळ ट्रेसिंग पेपर, मऊ शिसपेन्सिल, कॅमेरा आणि वही. एका गोष्टीवर पैसे खर्च करा, ती म्हणजे बंदुकीसाठी मिळणारे स्क्रू-ड्रायव्हर. साध्या स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे ते खाचेत तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की खाचेच्या कडा उपटतात. चांगल्या कारागिराने स्क्रू असे बसवलेले असतात की पूर्ण आवळल्यावर सगळ्या खाचा नळीच्या रेषेत एका ओळीत येतात. ही ओळ स्वतःच पुरावा आहे. ती तशी दिसली तर काम काळजीवाल्या माणसाचं. खाचा कुरतडलेल्या आणि वाकड्यातिकड्या दिसल्या तर मधे कोणीतरी रायफल उघडली आहे, असं वहीत लिहून ठेवा.

साफसफाई अजिबात करू नका. तेल चोळणं नको, स्टील वूल तर नकोच. जुन्या तेलाच्या थराखाली, गंजाच्या डागाखाली शिक्के असतात, पेन्सिलीची अक्षरं असतात. आधी सगळीकडून फोटो काढा, तेही तिरप्या उजेडात. समोरून पडलेल्या उजेडात जो शिक्का दिसत नाही, तो बाजूने बॅटरी धरली की उठून दिसतो.

वहीत पाच रकाने पाडा

यंत्रणा, नळी, धातूकाम, दस्ता, नक्षी. प्रत्येकाचा काळ वेगळा असू शकतो आणि कारागीरही वेगळा. जे ठाम आहे तिथून सुरुवात करून धूसर गोष्टींकडे जायचं. लोक नेमकं उलटं करतात. दस्ता आवडला की मनात एक मोठं नाव येतं, आणि मग बाकीच्या खुणा त्या नावाकडे वळवल्या जातात.

यंत्रणा

इथे नंबर बोलतात. अमेरिकन सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफील्ड ही त्या काळातल्या रायफलकारांची आवडती यंत्रणा. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात बनलेल्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या यंत्रणांना जुन्या पद्धतीने एकदाच उष्णता देऊन कडक केलं होतं. त्यांतल्या काही ठिसूळ निघाल्या आणि फुटल्या. म्हणून अशी रायफल झाडू नये, पण कारागिरीचा नमुना म्हणून तिची किंमत त्यामुळे घटत नाही. सुरुवातीचे नामांकित दस्ते याच नंबरांच्या रायफलींवर आहेत. १२,७५,७६७ नंतरच्या यंत्रणा निकेलमिश्रित पोलादाच्या आहेत.

स्प्रिंगफील्डची मूळ नळी कायम असेल तर माशीच्या मागे कारखान्याची अक्षरं आणि त्याखाली महिना-साल असतं. फर्माइशी कामात नवीन माशी बसवताना ही तारीख कधीकधी झाकली जाते, म्हणून तिथे भिंगाने नीट बघा. एक खबरदारी इथेच सांगतो. स्प्रिंगफील्डच्या कारखान्याने १९२० च्या दशकात स्वतःच शिकारी घाटाची एक रायफल बनवून नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना विकली. लायमन कंपनीची ४८ नंबरची मागची दर्शनी तिच्यावर कारखान्यातच बसवलेली असे. ती फर्माइशी नव्हे.

माउझर असेल तर जर्मन तपासणीचे शिक्के शोधा. १८९१ पासून १९३९ पर्यंत मुकुटाखाली बी, यू आणि जी ही अक्षरं, त्यानंतर गरुडाखाली एन. बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्याची यंत्रणा असेल तर लिएजच्या परीक्षागृहाचा लंबगोल शिक्का मिळतो. यातून एक साधा तर्क निघतो. यंत्रणेवर जर्मन शिक्के आहेत आणि नळीवर एकही नाही, तर नळी नंतर बदललेली आहे. अमेरिकेत सरकारी परीक्षागृहाची सक्ती नव्हती, त्यामुळे तिथे बसवलेली नळी तशीच कोरी राहिली. विंचेस्टरच्या मॉडेल ७० वरही बरंच काम झालं. तिथे १९६४ च्या आधीची की नंतरची, एवढं नंबरावरून ठरवलं तरी पुरेसं आहे.

नळीवरचा पत्ता म्हणजे साल

नळीवरचं नाव वाचून थांबू नका, गावाचं नाव वाचा. अॅडॉल्फ नीडनर आधी मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डनला काम करत होते, नंतर मिशिगनमधल्या डोवाजॅकला गेले आणि तिथे नीडनर रायफल कॉर्पोरेशन उभी राहिली. हॉफमन आर्म्स ही कंपनी १९२३ च्या सुमारास ओहायोतल्या क्लीव्हलंडला होती, पुढे ओक्लाहोमातल्या आर्डमोरला. पी. ओ. अॅकली दुसऱ्या महायुद्धाआधी ऑरेगनमधल्या रोझबर्गला होते, युद्ध संपल्यावर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला आणि मग सॉल्ट लेक सिटीला. माणूस तोच, पण शिक्क्यातलं गाव बदललं की रायफल दहा-पंधरा वर्षं मागेपुढे सरकते. शिक्का पुसट असेल तर त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल आडवी घासा, डोळ्यांना न दिसणारं अक्षर कागदावर येतं.

मग काडतूस. .३५ व्हेलन हे काडतूस १९२२ चं, .२७० विंचेस्टर १९२५ चं, .२५७ रॉबर्ट्सची कारखान्याची काडतुसं १९३४ पासूनची, .३०८ विंचेस्टर १९५२ चं. ज्या काडतुसासाठी नळी कोरली आहे ते निघण्याआधी ती नळी तशी असू शकत नाही. मात्र नळीवर लिहिलेलं काडतूस आणि प्रत्यक्ष कोठी, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, यांत फरक असू शकतो, कारण कोठी नंतर मोठी करण्याची पद्धत होती. खात्री हवी तर सेरोसेफ नावाच्या मिश्रधातूचा ठसा घ्या. हा धातू उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळतो. ओतल्यावर तो आधी थोडा आकसतो, मग पुन्हा फुगू लागतो आणि साधारण तासाभराने त्याचं माप कोठीच्या मापाशी जुळतं. म्हणून ओतून झाल्यावर घड्याळ बघा आणि तासाने व्हर्नियर लावा. हे काम जाणकाराकडून करवून घ्यावं.

ग्रिफिन अँड होचं नाव असेल तर मोठीच सोय झाली. सीमोर ग्रिफिन हे न्यू यॉर्कमधले लाकूडकाम करणारे आणि जेम्स हो हे फ्रँकफर्ड आर्सेनलमधले यंत्रकामातले जाणकार. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांच्या प्रोत्साहनाने दोघांनी १९२३ मध्ये कंपनी काढली. हो वर्ष उलटायच्या आत बाहेर पडून हॉफमनकडे गेले. कंपनीने मात्र रायफलींवर आपले नंबर घातले आणि नोंदी ठेवल्या. नळीवर तो नंबर असेल तर कंपनीच्या नोंदीतून माहिती मागवता येते. तरी लक्षात ठेवा की दुकानाचं नाव कळलं म्हणजे हात कळला असं होत नाही. त्या दुकानात एका वेळी अनेक दस्तेकार आणि पोलादाचे कारागीर काम करत होते, आणि बहुतेकांनी सही केलेली नाही.

धातूकाम

लष्करी यंत्रणेला शिकारी रूप देण्यात खूप मेहनत जाते, आणि ती मेहनत दिसू नये हाच कारागिराचा हेतू असतो. म्हणून शोधून बघावी लागते. बोल्टचा दांडा वाकवला आहे की कापून नवा जोडला आहे? सांध्याजवळ पोलादाचा रंग किंचित वेगळा दिसतो. दुर्बीण खाली, नळीला चिकटून बसवायची असेल तर दांडा खाली घ्यावाच लागतो आणि माउझरचा मूळ सेफ्टी-पंखा बदलावा लागतो. हे बदल दिसले तर रायफल दुर्बिणीसाठीच बनवली होती किंवा नंतर दुर्बिणीसाठी बदलली. कोणतं ते स्क्रूची भोकं सांगतात. मागच्या दर्शनीची भोकं बुजवलेली आहेत आणि दुर्बिणीची ताजी आहेत, तर दुर्बीण नंतर आली. ग्रिफिन अँड होचा बाजूचा माउंट यंत्रणेच्या डाव्या अंगाला बसतो, तो काढला तरी भोकांची रचना राहते.

रंगाकडेही बघा. जुन्या पद्धतीत पोलादाला मुद्दाम गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा, तारेच्या मऊ ब्रशने झटकायचा, आणि हे अनेकदा करायचं. त्यातून मऊ, राखाडी झाक असलेला काळा येतो. गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून येणारा चकचकीत काळा रंग १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्रास झाला. १९२० च्या दशकातल्या नळीवर असा चकचकीत काळा दिसला आणि शिक्क्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसल्या, तर रायफल पुन्हा पॉलिश झाली आहे.

दस्ता, बाहेरून

आता खरी कसोटी. रायफल आडवी धरून काळ्या पार्श्वभूमीवर तिची आकृती बघा. पकडीचा बाक, गालाच्या टेकूची खालची कड, पुढच्या टोकाचा घाट, आणि वरची रेषा सरळ आहे की मागे उंच जाते. लॉस एंजेलिसच्या लुडविग वुंडहॅमर यांनी १९१० च्या आसपास शिकारी लेखकांसाठी स्प्रिंगफील्डचे दस्ते केले. पकडीवर तळव्यात भरणारा जो फुगवटा असतो त्याला आजही त्यांचं नाव आहे. पण म्हणूनच तो फुगवटा त्यांचा पुरावा म्हणून चालत नाही, कारण पुढच्या कित्येकांनी तो उचलला. दस्त्याच्या मागच्या टोकावर बसणारी, नीडनर घाटाची, जाळी कोरलेली पोलादी दस्ता-पट्टीही तशीच. ती सुटी विकत मिळत होती आणि तिच्या नकलाही झाल्या. विकत मिळणाऱ्या वस्तूवरून कारागीर ठरवू नका.

ज्याच्याबद्दल लेखकांनी लिहिलं, त्याच्या नावावर निनावी दस्ते चढतात. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे अल बीसन यांनी जॅक ओकॉनर यांच्या .२७० विंचेस्टर रायफलींचे दस्ते केले. ओकॉनर ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात वर्षानुवर्षं लिहीत होते, त्यामुळे बीसन सगळीकडे माहीत झाले. आता लिलीच्या फुलाची जाळी दिसली की लोक बीसनचं नाव घेतात. विस्कॉन्सिनमधल्या ब्रायंटसारख्या छोट्या गावात बसून काम करणारे ॲल्विन लिंडेन, नीडनरकडे दस्ते करणारे टॉम शेलहॅमर, न्यू यॉर्क राज्यात सॉक्वॉइटला काम करणारे मूळचे इंग्लंडचे बॉब ओवेन हेही त्याच उंचीचे कारागीर होते. आणि ज्यांचं नाव कुठेच छापून आलं नाही असे तर कितीतरी.

सगळ्यांत जास्त वेळ जाळीवर घालवा. पकडीवर आणि पुढच्या भागावर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. चांगल्या कामात इंचाला २२ ते २६ रेषा येतात. कोरण्याचं हत्यार असं असतं की त्याची एक धार आधीच्या खोबणीत चालते आणि दुसरी शेजारची नवी खोबण काढते. म्हणजे पहिल्या रेषेत जो थोडा वाकडेपणा आला, तो पुढे सरकत जातो आणि शेवटच्या चौकटींत जमा होतो. म्हणून मधे न बघता कडेला बघा. शेवटच्या ओळीतली चौकट पूर्ण आहे की अर्धी? रेषा सीमेवर अचूक थांबली आहे की पुढे घसरली आहे? घसरलेल्या रेषा झाकायला काहीजण कडेने रुंद पट्टा कोरतात. पट्ट्याशिवाय नेमकी थांबणारी जाळी म्हणजे हातावर पूर्ण विश्वास असलेला माणूस.

मग कागद ठेवून पेन्सिलीने जाळीचा ठसा घ्या आणि मोजा: इंचाला किती रेषा, चौकटीची लांबी रुंदीच्या किती पट, टोकांची संख्या, टोकं कुठे वळतात. गोधडीचे टाके बघून घरातली बाई ती आजीची की मावशीची हे सांगते, तसंच हे आहे. एका दस्त्यावरून कळत नाही. ज्याची ओळख पक्की आहे अशा तीन-चार दस्त्यांचे ठसे शेजारी ठेवल्यावर कळतं. जाळी नंतर पुन्हा उकरलेली असेल, तर मूळ हात गेला. खोबणीच्या तळाशी दुहेरी चर दिसला की हे ओळखायचं.

लाकूड कोणतं हेही लिहा. फ्रेंच किंवा सर्केशियन म्हणून विकला जाणारा अक्रोड, अमेरिकेतला काळा अक्रोड, कॅलिफोर्नियाचा क्लॅरो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पकडीतून रेषा कशी जाते. जाणता दस्तेकार फळी अशी आखतो की पकडीच्या अरुंद जागी लाकडाची रेषा लांबीने सलग जाते, कारण दस्ता तिथेच मोडतो. मागे सुंदर नक्षीदार लाकूड आणि पकडीत आडवी रेषा असेल, तर तो माणूस देखणेपणावर भाळला होता.

दस्ता, आतून

यंत्रणा दस्त्यातून उचलताना वर सरळ ओढा, तिरकी नको. मग आत बघा. इथेच बहुतेक प्रश्न सुटतात.

हाताने कोरलेल्या खोबणीत पटाशीच्या आणि खरवडणीच्या बारीक खुणा असतात. कोपऱ्यात काजळी किंवा निळा रंग राहिलेला दिसतो. पोलादाला रंग लावून ते लाकडात दाबायचं, जिथे रंग उमटला तिथलं लाकूड चिमूटभर काढायचं, पुन्हा दाबायचं, असं शेकडो वेळा करून यंत्रणा बसवली जाते. त्याचीच ही खूण. याउलट खोबणीच्या तळाशी गोल फिरत्या कटरची वर्तुळं दिसली, तर दस्ता अर्धवट तयार विकत घेतलेला आहे. मिझुरीतल्या वॉर्सा गावच्या बिशप आणि फायन या दोन्ही कंपन्या असे दस्ते टपालाने विकत. त्यावर बाहेरून ज्याने शेवटचा हात फिरवला, तोच आपला कारागीर, पण आतला भाग त्याचा नाही. राळेसारखा कडक, काचेसारखा थर दिसला तर तो एपॉक्सी आहे. हे काम युद्धानंतरच्या काळातलं. १९२० च्या दशकातल्या दस्त्यात तो असेल तर नंतर कोणीतरी भरला.

नळीच्या खोबणीत, मॅगझिनच्या भिंतीवर आणि दस्ता-पट्टीखाली बॅटरी तिरपी धरून अक्षरं शोधा. दस्तेकार इथे पेन्सिलीने नाव, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव किंवा नुसता कामाचा आकडा लिहीत. पट्टीखाली वजन कमी करण्यासाठी पोकळ भोकं पाडलेली असतात, त्यांच्या कडेलाही बघा. अक्षर दिसलं तर हात लावू नका. फोटो काढा, नक्कल करा, पट्टी परत लावा. ओलं कापड फिरवलं की ग्राफाइट लाकडात मिसळून जातं आणि कारागीर कायमचा हरवतो.

पट्टी लावताना एक गोष्ट तपासा. लाकूड आणि पट्टीची कड बोटाने चाचपा. मूळची पट्टी असेल तर कड जाणवत नाही, कारण दोन्ही एकत्रच कानशीने घासून काढलेली असतात. लाकूड जरासं उंच किंवा खोल लागलं तर पट्टी दुसऱ्या दस्त्यावरून आली किंवा लाकूड नंतर घासलं.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर आणि दस्त्याचा उतार मोजून ठेवा, पण त्यातून कारागीर कळत नाही, गिऱ्हाइकाच्या शरीराचं माप कळतं. दस्त्यातली चांदीची टिकलीही मालकाबद्दलच बोलते. तीही कामाची आहे, कारण मालक सापडला की त्याची पत्रं आणि पावत्या सापडण्याची शक्यता उघडते. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी अशीच ओळखली जाते. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल ती त्यांना भेट मिळाली, हे तिच्या दस्त्यावरच्या पत्र्यावर कोरलेलं आहे. पत्रा नसता तर ती रिग्बीच्या कितीतरी रायफलींपैकी एक ठरली असती.

नक्षी

नक्षीकार बहुधा सही करत, पण दडवून. चापाच्या कमानीची आतली कड, मॅगझिनच्या झाकणाचा काठ, पानाच्या वळणाखाली, प्राण्याच्या पायाशी गवतात. भिंग तिथे न्या. फेरलाखहून आलेले आणि कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला स्थायिक झालेले रुडॉल्फ कॉर्नब्राथ हे त्या काळातलं मोठं नाव. सही नसेल तर प्राण्याच्या डोळ्याची आणि केसांच्या छोट्या रेघांची तुलना करा. वेलबुट्टी सगळेच शिकतात, हरणाचा डोळा ज्याचा त्याचा राहतो.

आपल्याकडच्या जुन्या रायफली

संस्थानिकांच्या आणि जुन्या घराण्यांच्या कपाटांत इंग्लिश रायफली अजून परवान्यावर आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांचा शिकारीशी संबंध संपला, पण कारागिरी टिकून आहे. तिथेही पायऱ्या याच, फक्त पुरावा जास्त मिळतो, कारण ब्रिटनमध्ये तपासणी सक्तीची होती. लंडनच्या बंदूककारांची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं. दुनळी रायफलीच्या नळ्यांखाली ‘कॉर्डाइट’ हा शब्द, दारूचं वजन आणि गोळीचं वजन दिसेल. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० च्या रायफलींवर बंदी घातली आणि .४७०, .४६५ अशा नव्या मापांची लाट आली. यांतलं माप दिसलं की रायफल बहुधा त्या सालच्या आसपासची किंवा नंतरची. नळ्या उघडल्यावर खालच्या बाजूला आणि यंत्रणेच्या सपाट भागावर दोन-दोन अक्षरांचे छोटे शिक्के असतात. ती नळीवाल्यांची, यंत्रणा घासणाऱ्यांची आद्याक्षरं, आणि बाहेरचं चकचकीत नाव बाजूला ठेवून तीच उतरवून घ्यायची.

बाहेरचं नाव कधी दुकानाचंच असतं. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचं नाव असलेली बंदूक त्यांनी बनवली असं समजू नका, ते विक्रेते होते. १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीच्या मालातून माउझर पिस्तुलं पळवली, ती जर्मन बनावटीची होती, हे आपल्या वाचकाला इतिहासातून माहीत आहेच.

कागद

आता बाहेरचा पुरावा. ‘अमेरिकन रायफलमन’चे जुने अंक चाळा, त्यातल्या छोट्या जाहिरातींत दस्तेकारांचे पत्ते आणि कामाचे फोटो आहेत. युद्धानंतरच्या कामासाठी ‘गन डायजेस्ट’चे वार्षिक अंक बघा. कारागिरांनी स्वतः लिहिलेली पुस्तकंही फार उपयोगी आहेत. जेम्स हो यांचं ‘द मॉडर्न गनस्मिथ’ १९३४ चं, जाळीवरचं मॉन्टी केनेडी यांचं पुस्तक १९५२ चं. लेखक स्वतःची पद्धत सांगतो तेव्हा त्याच्या कामाची खूणच आपल्या हाती देतो. या क्षेत्रातली सर्वांत चांगली शोधयात्रा मायकेल पेट्रोव्ह यांची. ‘कस्टम गनमेकर्स ऑफ द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ या त्यांच्या पुस्तकात विसरलेल्या कारागिरांची माहिती जमवलेली आहे. मोठ्या नावांच्या पुढे जायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

निकाल लिहिण्याची पद्धत

प्रत्येक रकान्यासमोर तीनपैकी एक शब्द लिहा. सही, शिक्का किंवा कंपनीची नोंद असेल तर ‘सिद्ध’. एकमेकांपासून स्वतंत्र अशा तीन-चार खुणा एकाच माणसाकडे बोट दाखवत असतील तर ‘बळकट’. नुसतं साम्य असेल तर ‘शक्य’. ‘शक्य’ लिहायला लाजू नका, आणि विकताना ते ‘सिद्ध’ करू नका. या छंदातली बहुतेक खोटी नावं पैशाच्या वेळीच चिकटली आहेत.

समजा अशी एक रायफल समोर आहे. निकेल-पोलादी स्प्रिंगफील्ड, नळीवर नीडनर आणि डोवाजॅक, मागे जाळीची पोलादी पट्टी, पकडीवर फुगवटा. मालक म्हणतो, नीडनरची रायफल, दस्ता शेलहॅमरचा. उघडून बघितलं तर खोबणीत फिरत्या कटरची वर्तुळं, बोल्टच्या मागच्या खाचेजवळ एपॉक्सी, आणि पट्टीच्या कडेला बोटाला लाकडाचा उंच काठ लागतो. मग वहीत असं येईल. नळी: नीडनर, डोवाजॅक काळ, सिद्ध. धातूकाम: त्याच दुकानाचं, बळकट, कारण बोल्टचा दांडा आणि नळी यांचं पॉलिश एकाच प्रकारचं आहे आणि शिक्क्याच्या कडा अजून धारदार आहेत. दस्ता: युद्धानंतरचा, अर्धवट तयार घेतलेला, कारागीर अज्ञात. दस्ता-पट्टी: बहुधा मूळ दस्त्यावरून काढून लावलेली, शक्य. मूळ दस्ता कुठे गेला, हा पुढचा प्रश्न. ज्याच्याकडून रायफल आली त्याला तो विचारावा, कारण जुने दस्ते फेकले जात नाहीत, गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर पडून असतात.

ही नोंद दोन प्रतींत करा. एक रायफलीच्या पेटीत, दुसरी पेटीपासून लांब, फोटोंसकट. नोंदीवर तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव घाला. नवा पुरावा आला की जुनी ओळ खोडून फेकू नका, तिच्यावर एक रेघ मारून खाली नवी लिहा. पुढच्या माणसाला कोणतं मत कोणत्या पुराव्यावर बदललं, हे दिसलं पाहिजे.